जळगाव जिल्ह्यातल्या, तापीवरच्या हतनूर धरणातला गाळ इस्रोच्या उपग्रहांच्या चित्रांवरून घरबसल्या मोजता येतो का?

येतो, पण सगळा नाही. आणि 'भुवन' (इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ) उघडून, धरणावर झूम करून तर मुळीच नाही. तिथे मागे दिसणारं चित्र आजचं नसतं, बरेचदा वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असतात. बघायला छान, पण मापाला निरुपयोगी.

उपग्रहाला गाळ दिसत नाही, पाण्याची कड दिसते. पातळी अमुक मीटर असताना पाणी किती चौरस किलोमीटरवर पसरलं होतं, हे दोन वेगळ्या वर्षी मोजायचं. पातळी तीच आणि पसारा कमी, म्हणजे मधली जागा गाळाने खाल्ली. हतनूरला ही पद्धत मानवते. चांगदेवच्या संगमापासून वर तापी आणि पूर्णा दोन्हीकडे पाणी पसरट आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी कड बरीच आत सरकते.

चित्रं रिसोर्ससॅट-2 (2011) आणि 2ए (2016) या उपग्रहांची घ्या, लिस-3 कॅमेऱ्याची. पिक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात छोटा चौकोन, 23.5 मीटरचा, आणि एक उपग्रह 24 दिवसांनी त्याच जागेवर येतो. हाच कॅमेरा 2003 च्या रिसोर्ससॅट-1 वरही होता, म्हणून जुनं-नवं ताडून बघता येतं. त्याच उपग्रहांवरचा दुसरा कॅमेरा, एविफ्स, पाच दिवसांनी येतो, पण त्याचा पिक्सेल 56 मीटरचा. पूर्णेच्या अरुंद फाट्यात तो कामाचा नाही. हवामानाचा उपग्रह इन्सॅट-3डीएस तर विसराच. त्याच्या उष्णता टिपणाऱ्या पट्ट्यांचा पिक्सेल 4 किलोमीटरचा, तो ढग बघायला आहे.

एनआरएससीच्या (इस्रोचं दूरसंवेदन केंद्र) 'भूनिधी' पोर्टलवर खातं काढा, हतनूरभोवती चौकोन आखा, सेन्सर आणि तारखा निवडा. 2023 च्या अंतराळ धोरणानुसार 5 मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं सर्वांना मोफत आहेत. ऑक्टोबरअखेर ते मे या काळातल्या सहा-सात निरभ्र तारखा घ्या. पावसाळा टाळा, नुसत्या ढगांमुळे नव्हे: 41 पैकी बरेच दरवाजे उघडे असतात, पातळी तासागणिक हलते आणि सकाळी साडेदहाच्या चित्राला नेमकी कोणती पातळी लावायची तेच कळत नाही. त्या-त्या दिवसाची पातळी जलसंपदा विभागाकडून घ्या. पातळीचा आकडा नसेल तर चित्र कितीही स्वच्छ असो, बाजूला ठेवा.

उतरवलेल्या झिपमध्ये प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्याची (बँडची) वेगळी फाइल असते: हिरवा (बँड 2), लाल (3), निकट अवरक्त (4) आणि लघुतरंग अवरक्त (5) अशा फायली मिळतील. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रक्षेपण (नकाशा सपाट मांडायची पद्धत) यूटीएम 43 उत्तर आहे ना ते बघा. मग त्यातल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (पिक्सेलवार गणित करणारं साधन) (बँड 2 − बँड 4) ÷ (बँड 2 + बँड 4) करा. पुस्तकात शून्याच्या वर पाणी असं लिहिलेलं असतं. कच्च्या आकड्यांवर ते चालत नाही, कारण प्रत्येक बँडचं अंशांकन, म्हणजे आकड्यांची मोजपट्टी, वेगळं असतं. हिस्टोग्रामच्या (कोणता आकडा किती पिक्सेलना आहे त्याचा आलेख) दोन उंचवट्यांमधली दरी शोधा आणि सीमा तिथे धरा. पाण्याचे पिक्सेल मोजून एका पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणा. पिक्सेलची बाजू फाइलच्या गुणधर्मांत दिसते. ती 24 मीटर असेल तर 576 चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी सतराच्या आसपास पिक्सेल.

चुका बहुतेक कडेलाच होतात. जलपर्णी असेल तिथे उपग्रहाला पाणी नव्हे, हिरवळ दिसते आणि पसारा खोटाच कमी भरतो. पाणी ओसरलं की उघड्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरलेलं पीक, होते. ती मात्र खरोखर पाण्याबाहेर असते, तिला पाण्यात धरू नका. जलपर्णी की गाळपेर हे एका चित्रावरून ठरत नाही. आधीच्या-नंतरच्या तारखा लावून बघा: गाळपेर उतरत्या कडेमागे सरकते, जलपर्णी वाऱ्याने जागा बदलते. गढूळ पाण्यात बँड 4 चा आकडा चढतो आणि पाणी जमिनीसारखं दिसू लागतं. तिथे बँड 4 च्या जागी बँड 5 घालून तेच सूत्र लावा, फरक लगेच कळतो. ओली काळी माती उलटा घोळ घालते, ती पाणी असल्यासारखी वाटते. हीच रीत सातपुड्याच्या पायथ्याच्या सुकी धरणाला लावणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतल्या उत्तर उतारांच्या सावल्या हाताने खोडाव्या लागतील.

पावसाळ्यातलंच चित्र हवं असेल तर ईओएस-04 (2022) चं रडार ढगांआडून बघतं. शांत पाणी त्यात काळं येतं, वाऱ्याने लाटा उठल्या की उजळ होतं. गाळाच्या हिशोबात मी ते धरणार नाही.

आता घनफळ. दोन पातळ्यांमधलं अंतर घ्या, त्याला 3 ने भागा आणि (वरचं क्षेत्र + खालचं क्षेत्र + दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) याने गुणा. समजा, वर 40, खाली 30 चौरस किलोमीटर आणि अंतर 2 मीटर (आकडे निव्वळ हिशोबापुरते): 2/3 × 104.64, म्हणजे सुमारे 69.8 दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरण बांधतानाच्या क्षेत्र-क्षमता तक्त्यात (कोणत्या पातळीला किती पसारा आणि किती पाणी ते सांगणारा) त्याच दोन पातळ्यांमध्ये जितके दलघमी लिहिलेत त्यातून हे वजा करा. उरेल तो त्या थरातला गाळ.

फक्त त्या थरातला. मे महिन्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्याच्या तळाशी काय साचलंय ते यात येत नाही, त्याला होडी आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा प्रतिध्वनीमापकच लागतो. तक्ता धरणाच्या पाटबंधारे विभागाकडे असतो. माहितीच्या अधिकारात मागताना 'मूळ तक्ता आणि त्यानंतरच्या सर्व सुधारित आवृत्त्या' असं स्पष्ट लिहा. सुधारित तक्ता हाती आला आणि तोच मूळ समजून वजाबाकी केली, तर आधीचा गाळ हिशोबातून गळतो.