नवीन पिकअप ६० च्या पुढे थरथरते, शोरूमवाले म्हणतात 'नॉर्मल आहे'. काय करावं? गाडी बदलून मिळेल का?

भाऊ, तुमच्या प्रश्नातला 'नॉर्मल आहे' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हाच शब्द मी वर्कशॉपच्या जॉब कार्डवर वाचलाय आणि घरात त्याहून जास्त वेळा ऐकलाय.

नवीन गाडी ठरावीक स्पीडला थरथरते ते नॉर्मल नसतं. रिकामी असताना मागून उडते, खड्ड्यात आपटते, ते मागच्या पाट्यांमुळे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगमुळे होतं आणि ते सगळ्याच पिकअपचं आहे. पण गुळगुळीत रस्त्यावर ६५ ला सुरू होतं आणि ८० च्या पुढे कमी होतं, तो दोष आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शोरूमवाले त्या मुद्दाम एकत्र करतात आणि आपण मान डोलावून घरी येतो.

माझं सांगतो. मी नारायणगावचा. आमचा टोमॅटो आणि शेजारच्या तिघा-चौघांचा वाशीला मीच घेऊन जातो. २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला, नवीन पिकअप घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, असं कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतं. तिसऱ्या दिवशी ७० क्रेट भरले, वीस-वीस किलोचे, आणि रात्री निघालो. आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरेपर्यंत काहीच नाही, कारण घाटात तीस-पस्तीसच्या वर जाताच येत नाही. मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा ६५ वर गेला आणि स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं. वाटलं रस्ता खराब असेल. कल्याण गेलं, शीळफाटा गेला, थडथड तीच.

वाशीला गाळ्यावर क्रेट उतरवले. आडतदाराने मागच्या बाजूच्या वरच्या थरातला एक टोमॅटो उचलून माझ्यासमोर धरला. साल घासलेली. म्हणाला, माल नाचत आलाय. क्रेटमागे ४० रुपये कमी धरले. ७० क्रेटचे २,८०० रुपये एका रात्रीत गेले, आणि पहिला हप्ता अजून भरायचा होता.

शोरूमच्या वर्कशॉपला गेलो. चारी चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, जॉब कार्डवर 'गाडी ओके' लिहिलं. त्या रात्री परत थडथड. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले सेंटर बेअरिंग, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला मधोमध धरणारं बेअरिंग, बदलून देतो, वॉरंटीत. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, खाली घेतला, बेअरिंग बदललं, शाफ्ट चढवला. आता ५५ ला सीटखालून एक नवीनच भुणभुण सुरू झाली, आणि ६५ ची थडथड होती तिथेच. तिसऱ्यांदा गेलो. अॅडव्हायझर स्वतः बसला, सर्व्हिस रोडवर ४० ने एक चक्कर मारली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'नॉर्मल'. ४० ला ती होतच नव्हती! हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, साहेब, कमर्शियल गाडी आहे, कारसारखी कशी चालेल.

आणि घरी दादा. माझा थोरला भाऊ, वीस वर्षं ट्रक चालवलाय. त्याचं म्हणणं एकच, नवीन गाडी ५,००० किलोमीटरला आपोआप बसते, थरथर जाते, तू उगाच खर्चात पडतोस. बहिणीच्या घरी जेवायला बसलो होतो, मेहुणे, त्यांचे भाऊ, सगळे पंगतीला, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "याच्या हाताला भास होतो." वर सांगितलं की मागे एक-एक पाटा वाढव, गाडी जमिनीला बसेल. पाटा वाढवायला मी नाही म्हणालो, त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं.

तुम्हीही पाटा वाढवू नका, हे इथेच सांगतो. पाटा वाढला की गाडी मागून उचलते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि नसलेलं व्हायब्रेशन तयार होतं. शिवाय कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं की तुम्ही गाडीत बदल केला, आता वॉरंटी विसरा.

भास हा शब्द मला लागला. त्या रात्रीपासून मी वही ठेवली. तारीख, मीटरचं रीडिंग, गाडी भरलेली की रिकामी, कुठल्या स्पीडला सुरू, कुठल्या स्पीडला बंद, हातात की सीटखाली. पंधरा दिवसांत चित्र स्वच्छ झालं. हातातली थडथड ६५ ते ७५. सीटखालची भुणभुण ५५ पासून पुढे. मोकळ्या रस्त्यावर गाडी ७० ला नेऊन न्यूट्रल केली, तरी दोन्ही होत्याच, भुणभुण थोडी कमी झाली इतकंच. उभ्या गाडीत तेवढाच रेस दिला तर काहीच नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये.

मग आडतदाराच्या एका पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या पावतीच्या, मागे हिशेब मांडला. आमच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ७२ च्या स्पीडला गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ९ फेऱ्या घेतं. मागच्या डिफरन्शियलमुळे (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरमुळे) प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट फिरतो, सेकंदाला ३६. नऊचा धक्का हाताला सुटा सुटा लागतो, ती थडथड. छत्तीसच्या वरचा सुटा लागत नाही, तो आवाजासारखा अंगात येतो, ती भुणभुण. म्हणजे माझ्या गाडीत एक नाही, दोन दोष होते, एकावर एक. म्हणून एक काम केलं की वाटायचं काहीच फरक नाही. तुमचंही 'सगळं करून झालं तरी जात नाही' असं असेल तर आधी हीच शंका घ्या.

पुढचं काम ज्याने केलं तो ओतूरचा मित्र. त्याच्याकडे हेच मॉडेल, माझ्याआधी चार महिने घेतलेलं. दोघांनी एका रविवारी दुपारी शेतातल्या शेडमध्ये दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि चारी चाकांची अदलाबदल केली. तीन तास गेले, घाम निघाला, पण आळेफाट्याकडे जाऊन आलो तेव्हा माझ्या गाडीची थडथड गेली होती आणि त्याच्या स्टेअरिंगला आली होती. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो गाडी घेतानाही झाला नव्हता. त्याचं एकेक चाक परत देत गेलो आणि पुढचं डावं सापडलं. जॅकवर उचलून टायरजवळ खडू धरला आणि चाक हाताने फिरवलं. एका ठिकाणी खडू घासायचा, बाकी फेरीत सुटायचा. टायर गोल नव्हता. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही. वजनाला बरोबर असलेला टायर वाकडा असू शकतो, आणि त्याला बॅलन्सिंगचं कितीही शिसं लावलं तरी तो वाकडाच फिरणार. चार वेळा बॅलन्सिंग करून पैसे घालवणाऱ्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

भुणभुण मात्र माझ्याच गाडीत राहिली. तिच्यासाठी चाकणला गेलो. तिथे शाफ्ट बॅलन्सिंग करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी काहीही उघडलं नाही. गाडीखाली झोपले, बॅटरी मारली, कापडाने शाफ्ट पुसला आणि मला खाली बोलावलं. शाफ्टच्या दोन तुकड्यांवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर यायला हव्यात. माझ्या गाडीत एक बाण वर आणि दुसरा बाजूला. वर्कशॉपमध्ये सेंटर बेअरिंग बदलताना शाफ्ट काढला आणि बसवताना जोडाचे दाते सरकवून बसवला. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा मंदावतो. पुढचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण क्रॉस धरणारे दोन्हीकडचे कान एका रेषेत असतील तरच. ते नसतील तर दोन्ही चुकांची बेरीज होते. मिस्त्रींनी शंभर रुपयेही घेतले नाहीत. म्हणाले, मी हात लावला तर तुझी वॉरंटी जाईल, फोटो काढ आणि त्यांच्याकडूनच करून घे.

फोटो काढला, वहीची झेरॉक्स जोडली, अर्ज लिहिला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवून पोच मागितली. तोंडी काहीच बोललो नाही. पाऊण तासात शाफ्ट उतरवून नीट बसवून दिला. जॉब कार्डवर 'शाफ्टच्या खुणा जुळवल्या' असं लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. टायरचं मात्र त्यांनी हात वर केले, आणि त्यात ते बरोबर होते. टायरची आणि बॅटरीची वॉरंटी ज्या त्या कंपनीची असते. टायरवाल्यांचा माणूस आला, त्याने बघितला, झिजेच्या हिशेबाने थोडे पैसे भरून नवीन मिळाला. जूनचा पहिला आठवडा होता. त्या रात्री वाशीला माल उतरला तेव्हा वरच्या थरावर एकही डाग नव्हता.

आता गाडी बदलून मिळेल का. सहजासहजी नाही. उत्पादनातलाच दोष आहे, दुरुस्तीने जात नाही, हे तज्ज्ञाच्या तपासणीने सिद्ध करावं लागतं. माझ्यासारखी केस असेल तर गाडी बदलून मागायला जागाच नाही, दुरुस्ती आणि झालेलं नुकसान मागता येतं. मी ग्राहक आयोगात गेलो नाही, अर्ज दिल्यावर काम झालं. पण तुम्हाला जावं लागलं तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, गाडी कुठूनही घेतलेली असो. ५० लाखांपर्यंतचं जिल्हा आयोगच बघतो. ५ लाखांच्या वर १० लाखांपर्यंतच्या गाडीला फी २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. दोष निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच शोरूमचा फोन येतो.

एक अडचण येईल. कंपनीचा वकील म्हणेल की पिकअप ही धंद्याची गाडी, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी धरत नाहीत. स्वतः गाडी चालवत असाल तर लायसन्स, माल नेल्याच्या पट्ट्या, टोलच्या पावत्या जपून ठेवा. पाच गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर हे अवघड जाईल, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

हे सगळं माझ्या गाडीवरून लिहिलंय, मागे पाटे आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट. तुमची वेगळी असेल तर वेगळं निघेल. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर शाफ्टच्या नादी लागू नका, ड्रम आणि ब्रेक डिस्क बघा. आणि दोन साध्या गोष्टी आधी तपासा, मी त्या लिहायच्या विसरत होतो. शेतातून आल्यावर चाकाच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो, तेवढ्यानेही ६० च्या पुढे चाक थडथडतं, पाण्याचा जोराचा मारा करून धुऊन बघा. आणि मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवत असाल तर ती उडणारच, ती तक्रार घेऊन गेलात तर शोरूमवाले खरे ठरतील आणि तुमची खरी तक्रारही ऐकणार नाहीत.

वर्कशॉपला जाल तेव्हा गाडी त्यांच्याकडे सोडून येऊ नका. ज्या स्पीडला होतं त्या स्पीडला मेकॅनिकला शेजारी बसवून न्या, आणि शक्य असेल तर त्यांच्याकडच्याच दुसऱ्या, त्याच मॉडेलच्या गाडीत लगेच त्याच रस्त्यावर बसा. दोन्ही गाड्या तशाच असतील तर तुम्ही गप्प बसा. नसतील तर जॉब कार्डवर फरक लिहून घ्या. वीस वर्षं ट्रक चालवला म्हणून कुणी तुमच्या हाताला काय जाणवतं ते ठरवू शकत नाही.

दादा अजूनही पाव्हण्यांमध्ये सांगतो की गाडी ५,००० ला आपोआप बसली. ५,००० झाले त्या दिवशीची नोंद माझ्या वहीत आहे, '६५ ला थडथड, ५५ ला भुणभुण, माल भरलेला'. शाफ्ट नीट बसवला त्या जॉब कार्डवर रीडिंग ७,९४० आहे. वही आणि कार्ड दोन्ही गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असतात, आणि तो माझ्या शेजारी बसून आठवड्यातून एकदा तरी वाशीला येतो.