सुधीर फडके यांचे ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्र वाचावे का? त्यात गीतरामायणाविषयी कितपत सापडेल?

आत्मचरित्र अवश्य वाचावे. मात्र आपण ते केवळ गीतरामायणाच्या, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी (गदिमांनी) लिहिलेल्या आणि फडक्यांनी संगीत दिलेल्या रामकथेच्या गीतमालेच्या, जन्मकथेसाठी हाती घेणार असाल, तर आधीच सावध करतो. बाबूजींचे, म्हणजे फडक्यांचे, हे लेखन अपूर्ण राहिले आहे आणि त्याचा खरा जीव ज्या वर्षांत आहे, ती गीतरामायणाच्या बरीच आधीची आहेत. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून मी ते प्रथम आणले, तेव्हा माझीही अपेक्षा आपल्यासारखीच होती. पहिल्या रात्री पाने पुढे-मागे चाळली आणि चक्क हिरमुसलो. मग पुस्तक परत करण्याची मुदत जवळ आली म्हणून पहिल्या पानापासून नीट वाचायला बसलो, आणि आपण चुकीच्या दारावर थाप मारत होतो हे उमगले.

कोल्हापुरात २५ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव राम. वडील वकील असल्यामुळे सुरुवातीचे दिवस बरे होते, परंतु आई लवकर गेली आणि पुढे घराची घडी विस्कटत गेली. वामनराव पाध्ये यांच्याकडे मिळालेले गाण्याचे शिक्षण एवढीच काय ती शिदोरी घेऊन हा मुलगा मुंबईला आला, तिथे उपासमार सोसली, आणि नंतर गाण्याचे कार्यक्रम करत उत्तर हिंदुस्थानातून थेट कलकत्त्यापर्यंत भटकला. पुढे १९४१ मध्ये एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत प्रवेश झाला आणि १९४६ च्या ‘गोकुळ’पासून प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे संगीत हाती आले, तेव्हा कुठे पायाखाली जमीन लागली. कलावंतांच्या आत्मचरित्रांत उपासमारीला पुष्कळदा नंतरच्या यशाची झालर लावलेली असते; इथे ती मला फारशी दिसली नाही. सांगण्याची रीत प्रांजळ आहे, आणि वाचकाने हळहळावे असा आग्रह त्या रीतीत नाही.

माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर इथेच दडलेले आहे. गीतरामायणातले ‘दैवजात दुःखे भरता’ हे गाणे ऐकून पाहा. वडील गेलेले, राज्य गेलेले, समोर रडणारा भाऊ, आणि तरीही बाबूजींचा आवाज कुठेही कापरा होत नाही. शब्द अर्थाप्रमाणे तोडलेले, जोडाक्षर स्वच्छ, आणि दुःख सांगताना सूर आणखीच संथ. पूर्वी मी हा संयम बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या संस्कारांच्या खात्यावर टाकत असे, कारण त्या दोघांचे ऋण ते स्वतः उघडपणे मानत. ते खरेच आहे. पण आत्मचरित्र वाचल्यावर वाटले की दुःखाचा गवगवा न करण्याची सवय या माणसाला गाण्याच्या आधी जगण्याने लावली असावी. पुस्तकाला १९६० च्या ज्या चित्रपटाचे नाव मिळाले आहे, त्यातले ‘एक धागा सुखाचा’ही त्यांनी असेच गायले आहे. (याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर माझ्याकडे कानांखेरीज काही नाही.)

गीतरामायणाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अन्यत्र सहज मिळते. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. योजना वर्षभर दर आठवड्याला एक गीत अशी होती, परंतु त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गीते झाली. पहिल्या गीताचा कागद ध्वनिमुद्रणाच्या वेळी सापडेना आणि गदिमांनी ते पुन्हा बसून लिहून दिले, ही आठवण प्रसिद्धच आहे. आज आपल्या कानांवर बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातले गीतरामायण असते, म्हणून अनेकांची समजूत होते की मूळ प्रसारणही तसेच होते. प्रत्यक्षात आकाशवाणीवर पात्रागणिक गायक निराळे होते. सीतेची गीते माणिक वर्मा यांनी आणि कौसल्येची ललिताबाई फडके यांनी गायली होती.

आम्हा नाशिककरांची एक जुनी खोडही इथे कबूल करतो. ‘या इथे लक्ष्मणा बांध कुटी’ हे गीत आमच्या पंचवटीचे आहे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि रामकुंडावर पाहुण्यांना ऐटीत सांगतही आलो. गीतातच मंदाकिनीचा काठ आहे, म्हणजे ते चित्रकूट. पंचवटी येते ती शूर्पणखेपासून. सोन्याच्या हरणाचा हट्ट, दारातला याचक आणि रिकाम्या पर्णकुटीसमोरचे ‘कोठे सीता जनकनंदिनी’ ही गीते आमच्या वाट्याची आहेत. गोदाकाठच्या अभिमानाला ती पुरेशी आहेत.

हे लेखन पुरे का झाले नाही, याविषयी माझा एक तर्क आहे. हा माणूस स्वतःविषयी लिहीत बसणाऱ्यांपैकी नव्हता. १९५४ मध्ये, संगीतकार म्हणून भराचा काळ असताना, ते दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले; नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे सिल्वासा फार दूर नाही, तिथे २ ऑगस्टला तिरंगा लागला. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी सावरकरांवरील चित्रपटासाठी लोकांकडून निधी गोळा करण्यात घालवली. सावरकरांचे भगूर आमच्या नाशिकच्या अगदी शेजारी, त्यामुळे इकडे त्या खटपटीविषयी आस्था अधिकच. चित्रपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला आणि २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. राजकीय मतांशी आपण सहमत असाल वा नसाल, पण एवढ्या धावपळीत आत्मचरित्र मागे पडले असल्यास मला नवल वाटत नाही. त्यामुळे १९४९ मधले ललिताबाईंशी झालेले लग्न, ज्यात मंगलाष्टके महंमद रफी यांनी म्हटली होती, किंवा ‘ज्योती कलश छलके’सारख्या हिंदी गाण्यांचे दिवस, यांविषयी अधिक जाणून घ्यायचे असल्यास आपल्याला इतरांच्या आठवणींकडेही वळावे लागेल.

वाचताना एक करून पाहा. मुंबईतल्या आणि भटकंतीतल्या दिवसांची प्रकरणे संपली की पुस्तक मिटून त्यांची चाळीसच्या दशकातली एखादी भावगीताची तबकडी ऐका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, त्यामुळे आलापीला वाव नसे आणि पहिल्याच ओळीत गाणे उभे करावे लागे. मी हे केले तेव्हा पुस्तक परत करायला दोन दिवस उशीर झाला आणि दंड भरावा लागला.