छाती सारखी वाजते, टॉनिक देऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा 3 वर्षांचा आहे, दिवाळीपासून तिसऱ्यांदा छाती वाजतेय, डॉक्टरांच्या कागदावर 'ऑब्स्ट्रक्टिव्ह ब्राँकायटिस' (श्वासनळ्या सुजून अरुंद होणं) आलंय, आणि सासूबाई म्हणतात याची प्रतिकारशक्तीच कमी आहे.

माझ्या लेकीचे असे दोन हिवाळे मी इथे नागपुरातच काढलेत. टॉनिकवर पैसे घालू नका. आरएसव्ही किंवा राइनोव्हायरससारखा सर्दीचा विषाणू श्वासनळीच्या अस्तरात शिरला की शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडतं. अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. ही सूज प्रतिकारशक्तीच्याच लढाईची. आपल्याला तेवढ्याने नुसता खोकला येतो. लेकराची नळी मुळातच बारीक, आणि तिची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला अडथळा 16 पट होतो. म्हणून श्वास सोडताना शीळ वाजते.

प्रतिकार 'वाढवला' की भलंच होतं असंही नाही. 1966 च्या सुमारास अमेरिकेत आरएसव्हीची एक लस बाळांना देऊन पाहिली. पुढे तो विषाणू आला तेव्हा लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, दोन दगावली. (आजच्या लसींना हे लावू नका. फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.)

अंगावर खाजरं पुरळ येत असेल, घरात कुणाला दमा असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मग ॲलर्जीचा भाग असू शकतो आणि औषधाचा बेत बदलतो.

आमच्याकडे आई रोज संध्याकाळी पाळण्याखाली ओव्याची धुरी द्यायची. प्रेमानेच. पण जानेवारीच्या थंडीत खिडक्या बंद, आणि तो धूर थेट सुजलेल्या नळ्यांत. धुरी, उदबत्ती, मच्छर कॉइल, विडी-सिगारेट, सगळं घराबाहेर काढा. आईला पटवायला मला महिना लागला.

रात्री झोपल्यावर सदरा वर करून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. या वयात 40 किंवा जास्त भरले, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. ओठ निळसर दिसले किंवा पाणीही पिईना, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणं, तोंडात सारखा पांढरा चट्टा, असं काही असेल तर मात्र प्रतिकारशक्तीची तपासणी मागा. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही. वजनाचा आकडा तेवढा कळवा.