प्रश्न तुमचे: भाव ६४ म्हणजे सीट पक्की का?

प्रश्न: भाऊ, आमच्या गावातले पोट्टे पानठेल्यावर बसून मोबाईलवर अमेरिकेच्या संसदेचे भाव पाहत असतात, एखाद्या पक्षाचा भाव ६४ दिसला की म्हणतात झालं, आता पक्कं. सर्व्हे चुकतात पण पैसे लावणारे चुकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. आता माह्या चुलतभावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या इकडच्या सीटचेही भाव येऊन राहिले अन् तो पैसे लावतो म्हणते. हे भाव कितपत खरे मानायचे?
– एक वाचक, मोताळा तालुका, जि. बुलढाणा

उत्तर: भाऊ, आधी त्या ६४ चं पाहू. अमेरिकेतल्या या बाजारात पक्षाच्या नावाचा सौदा विकत घेता येतो, पक्ष जिंकला तर एका सौद्याचा एक डॉलर मिळतो, हरला तर शून्य. लोक तो ६४ सेंटला घेत-विकत असतील तर अर्थ एवढाच की बाजाराच्या अंदाजानं जिंकायची शक्यता शंभरात ६४ आहे, म्हणजे उरलेले ३६ कुठं गेले नाहीत, आणि तो पक्ष हरला तरी बाजार चुकला असं लगेच म्हणता येत नाही. पारखायचंच असेल तर ६४-६५ भावाच्या पुष्कळ निवडणुका एकत्र घेऊन त्यातल्या किती खऱ्या निघाल्या ते मोजावं लागतं.

प्रकार जुना आहे. आयोवा विद्यापीठानं १९८८ मध्ये अभ्यासासाठी असा बाजार सुरू केला, तिथं एका माणसाला ५०० डॉलरच्या वर लावता येत नाही. मोठ्या निवडणुकीत हे भाव बऱ्याचदा सर्व्हेच्या तोडीस तोड निघतात, कारण ज्याला खरंच काही माहीत असतं तो चुकीच्या भावावर पैसे कमावतो आणि त्याच्या खरेदीनंच भाव सरळ होतो. पण २०२२ ला सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या वेळी भाव रिपब्लिकन पक्षाकडं झुकला होता अन् सिनेट राहिली विरोधी डेमोक्रॅट पक्षाकडं. त्यामुळं पैसे लावणारे चुकत नाहीत हे पोट्ट्यांचं म्हणणं काही खरं नाही.

खरी अडचण एकेका सीटची आहे. खामगावच्या बाजार समितीत सोयाबीनच्या हर्रासाला पंधरा व्यापारी उभे असले तर भाव बऱ्यापैकी खरा निघतो, दोघंच असले तर ते म्हणतील तो भाव. सिनेट कोणाकडं जाणार यावर लाखो डॉलरची उलाढाल होते, पण एखाद्या मतदारसंघावर पैसे लावणारे मूठभर, त्यात एकानं पन्नास हजार टाकले की भाव हलतो आणि लोकांना वाटतं हवा फिरली! उमेदवाराच्या माणसाला हवा दाखवायला यापेक्षा स्वस्त साधन कुठलं?

तुमच्याकडचंच घ्या. २०२४ च्या विधानसभेला बुलढाण्याचा निकाल ८४१ मतांनी लागला, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा तर २०८ मतांनी, आणि एकेका बूथच्या यादीतच हजाराच्या आसपास नावं असतात, म्हणजे चार-पाच गावांत लोक उन्हं उतरल्यावर मतदानाला निघाले की नाही एवढ्यावर आमदार ठरला. अशा सीटचा प्रामाणिक भाव आदल्या दिवशी ५० च्या जवळपासच असायला पाहिजे. लढत घासून आहे एवढंच तो सांगू शकतो, कोण येणार ते नाही. ७५-८० दाखवणाऱ्यावर मला तरी विश्वास बसत नाही.

अन् हे सगळे मतदारसंघ सुटे सुटे पडत नाहीत. लोकसभेला विदर्भातल्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीनं घेतल्या, सहा महिन्यांत विधानसभेला राज्यातल्या २८८ पैकी २३० महायुतीकडं गेल्या. वारं फिरलं की सगळीकडं एकदम फिरतं, त्यामुळं एकेका सीटचे भाव जोडून सत्ता कोणाची याचा हिशोब मांडला तर तो फसतो.

आता चुलतभावाचा ग्रुप. तिथं येतो तो सट्ट्याचा भाव, आणि तो उलटा वाचायचा असतो हे पुष्कळांना माहीत नाही! सट्ट्यात एखाद्याचा भाव ३० पैसे म्हणजे रुपया लावला तर ३० पैसे नफा, म्हणजे तो फेवरिट, सव्वातीन-साडेतीन रुपयाचा भाव असेल तर तो कमजोर. अमेरिकेतल्या बाजारात ३० म्हणजे कमजोर. पोट्टे दोन्ही एकाच नजरेनं वाचत असतील तर घोळ तिथंच सुरू होतो. शिवाय बुकी लगाई (जिंकेल यावर लावायचा) आणि खाई (हरेल यावर लावायचा) असे दोन भाव देतो, मधला फरक त्याचा, सीट कोणाचीही येवो. त्याच्या भावात किती लोकांचं मत आहे अन् किती त्याच्या खिशाचा विचार, हे ग्रुपवर बसून कळणार कसं?

कायद्याचंही सांगतो. निवडणुकीवरचा सट्टा आपल्याकडं आधीपासूनच बेकायदा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद केले, हो-नाही वर पैसे लावायची जी ॲप होती त्यांनाही दुकान गुंडाळावं लागलं. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, पण पैसे बुडाले तर वसूल कोणाकडून करणार?

चुलतभावानं अजून लावले नसतील तर लावू देऊ नका, भाऊ, सोयाबीनचे पैसे हाती आलेले असताना तर मुळीच नाही. अन् कोणी यूपीआयवर पैसे घेऊन गायब झालंच असेल तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करायला सांगा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता यायची शक्यता जास्त.