जुन्या कानशीचा चाकू करायचाय, ग्राइंडर आहे पण भट्टी नाही. जमेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या पेटीत एक जुनी कानस सापडली, घरी चार इंची हँड ग्राइंडर आहे, भट्टी नाही, आणि आयुष्यातला पहिला चाकू करायचाय. जमेल. भट्टी नाही तेच बरं आहे. माझ्याकडे होती, म्हणून माझा पहिला चाकू वाया गेला.

मी सोलापुरात मागावर जॉबर आहे, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करतो, कानस रोज हातात असते. तरी पहिल्या वेळी व्हिडिओ बघून चेव आला. गच्चीवर घमेल्यात कोळसा पेटवला, भाता म्हणून बायकोचा हेअर ड्रायर लावला. कानस लालभडक केली, राखेत पुरून रात्रभर निवू दिली. सकाळी ती मऊ झाली होती, दुसऱ्या कानशीनं घासता येत होती. चार रविवार घासून पातं आकाराला आणलं. मग कडक करण्यासाठी पुन्हा लाल केलं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवलं. पाण्यातून एक बारीक ‘टिंग’ आलं. बाहेर काढून बघतो तर धारेपासून निम्म्या पात्यापर्यंत केसाएवढी चीर. चार रविवार बादलीत गेले.

अक्कलकोट रोडला रस्त्याकडेला एका घिसाड्याचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्याला ते पातं दाखवलं, तर हसायला लागला. म्हणाला, खुरप्याला देतात ते पाणी ह्याला दिलंस होय? त्याचा माल गाडीच्या कमानपाट्याचा, त्यात कार्बन कमी. कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त. असं पोलाद पातळ करून थंड पाण्यात टाकलं की एकदम आकसतं आणि तडकतं. त्याला कोमट तेल लागतं. शिवाय नेमकं किती तापवायचं तेही कळावं लागतं. साधारण ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर जाऊन थांबायचं. भर दुपारी उन्हात लाल रंग नीट दिसतच नाही, मी बहुतेक कितीतरी जास्त तापवलं होतं.

पण मुळात हे सगळं करायचं कशाला? कानस कारखान्यातून कडक होऊनच येते. इतकी कडक, की दगडी फरशीवर पडली तर काचेसारखी तुटते. तुम्हाला फक्त तो कडकपणा थोडा उतरवायचा आहे, आणि नंतर घासताना उरलेला सांभाळायचा आहे. एवढंच खरं काम.

आधी कानस पारखा. स्वस्तातल्या काही कानशी आतून साध्या लोखंडाच्या असतात, वरचं कातडं तेवढं कडक. टोकाचा इंचभर भाग व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडकं गुंडाळा, गॉगल घाला आणि हातोडीचा एक ठोका द्या. चांगली कानस कट्कन तुटते आणि तुटलेल्या जागी राखाडी, बारीक रवा दिसतो. वाकली तर ती भंगारात द्या, तिचा चाकू होणार नाही. घ्यायचीच असेल तर आठ इंची चपटी घ्या. दहा-बारा इंचीची जाडी इतकी असते की त्या चाकूनं गाजर कापलं जात नाही, पाचरीसारखं फुटतं. माझा दुसरा चाकू तसाच झालाय. आई त्याला पहार म्हणते.

आता कडकपणा उतरवायला ओव्हन. घरी ओटीजी असेल तर काम झालं. नसेल तर शेजारीपाजारी कुणाकडे तरी असतोच. कानस आधी रॉकेलनं आणि मग साबणानं स्वच्छ धुवा, नाहीतर पुढचे आठ दिवस नानकटाईला ग्रीसचा वास येतो आणि बोलणी तुम्हाला बसतात. एका बाजूला रुपयाएवढी जागा घासून चकचकीत करा, रंग तिथंच दिसणार. दोनशे अंशांवर दोन तास ठेवा, बाहेर काढून निवू द्या, पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर फार विश्वास ठेवू नका. रंगावर ठेवा. त्या चकचकीत जागेवर वाळलेल्या कडब्याचा रंग आला पाहिजे. आपल्याकडे ज्वारीचा कडबा कुणाला दाखवायला नको, फिकट पिवळा, तोच. गुळासारखा तांबूस आला तर किंचित जास्त झालं, चालेल. जांभळा किंवा निळा झाला तर कडकपणा गेला. असा चाकू मोडणार नाही, पण धारही धरणार नाही.

मग ग्राइंडर. कागदावर आकार काढा, कापून कानशीवर चिकटवा, मार्करनं रेघ मारा. पातं चार-साडेचार इंचांचं पुरे. जवळ पाण्याची बादली हवीच. हातमोजे घालू नका, एक तर ते चाकात ओढले जातात, दुसरं म्हणजे पातं किती तापलंय ते उघड्या बोटांनाच कळतं. तीन-चार सेकंद घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. बोटाला चटका लागायच्या आत बुडवायचं. धारेच्या कडेला निळी झाक दिसली की तिथलं पोलाद मऊ झालं समजा. मग तो भाग निघेपर्यंत मागं घासत जाणं एवढंच उरतं. धार जितकी पातळ होते तितकी लवकर तापते, म्हणून शेवटचा भाग ग्राइंडरवर करूच नका. दगडावर हातानं करा.

ग्राइंडरचं गार्ड काढू नका, गॉगल आणि मास्क लावा, ठिणग्या पडद्याकडे किंवा सिलिंडरकडे उडणार नाहीत असे बसा. उन्हाळ्यात ऊन बेचाळीसच्या पुढं जातं, तेव्हा गच्चीवर करणार असाल तर सकाळी नऊच्या आत आटपा. दुपारी बादलीतलं पाणीच अंघोळीचं होतं.

कानशीचे दात दोन्ही बाजूंनी पूर्ण काढा. काहीजण शोभेसाठी ठेवतात, मीही एकावर ठेवले. दातांत कांदा अडकतो, पाणी राहतं, गंज तिथूनच सुरू होतो. आणि चीर पडायची असेल तर ती दाताच्या खाचेतूनच पडते.

मुठीसाठी कानशीचं शेपूट, म्हणजे तिची मूठ बसते तो निमुळता दांडा, वापरा. पात्याच्या मानानं ते मऊ असतं, कारखान्यातच तसं ठेवतात. बाकीच्या अंगाला साधं ड्रिल लागत नाही, बिट जळतं, म्हणून भोकं पाडून रिव्हेट मारायच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका. बाभळीचा किंवा शिसमाचा तुकडा घ्या, त्यात शेपटाच्या मापाचं भोक पाडा, अ‍ॅराल्डाइट भरा, शेपूट बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. कानशीला मूठ बसवतात तशीच ही. शेपूट तापवून लाकडात जाळत घुसवायची जुनी पद्धत आहे, ती इथं नको, उष्णता पात्यात चढते. वरून जवसाचं तेल दोन-तीनदा चोळा, प्रत्येक वेळी नीट वाळू द्या.

धार साध्या दोन बाजूंच्या दगडावर लावा, आधी खरखरीत बाजू, मग बारीक. पातं दगडापासून साधारण वीस अंश उचललेलं, दोन्ही बाजूंना सारखं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-वीस वेळा ओढा. पिकलेला टोमॅटो दाब न देता कापला गेला की थांबा.

एक कायद्याचं. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरगुती किंवा शेतीच्या कामाचं नसेल, तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. तुमचा चाकू स्वयंपाकघरातला आहे, तो तिथंच ठेवा. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत खिशात घालून मित्रांना दाखवायला नेऊ नका.

हे स्टील गंजतं. ओलं ठेवून झोपलात तर सकाळी तांबडे ठिपके दिसतील. लिंबू-टोमॅटोनं पातं काळपट पडतं, ते पडू द्या. वापरलं की पुसा आणि करडईच्या तेलाचं बोट फिरवा.

आणि पारखताना टोकच तोडा. माझ्या चुलतभावानं उत्साहात शेपूट तोडलं, तो आता दुसरी कानस शोधतोय.