फेनी चालते, पणजी चालत नाही

प्रश्न : सर, सुट्टीत पुण्याची भाची आली की आमच्या घरापुढच्या बाल्कांवावर स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल लावून शब्द जुळवायचा खेळ, रंगतो. मी सात अक्षरांचा मोठा शब्द शोधत बसते आणि ती दोन-तीन अक्षरांत गुण लुटून नेते. शब्द पटकन दिसावेत म्हणून काय करू?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : ताई, भाची बरोबर खेळते. क्यू १० गुणांचा, पण त्याच्यानंतर यू हवाच असं नाही. 'क्यू-आय' पाठ करा. चिनी लोकांची प्राणशक्ती ती. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात क्यू ठेवून हा शब्द आडवा-उभा दोन्हीकडे जुळला, तर ३१ आणि ३१, एका फटक्यात ६२! 'झेड-ए' हे पिझ्झाचं लाडाचं नाव, तेही चालतं.

सातही टाइल एकदम लावल्या तर वर ५० मिळतात, तो मोह मलाही सुटत नाही. पण त्याची तयारी दोन-तीन खेळी आधीपासून हवी. व्ही, डब्ल्यू, जादा यू असली अवघड गिऱ्हाइकं आधी वाटेला लावा. ए, ई, आय, एन, आर, एस, टी जपा. ही सात जमली की 'रिटेन्स', 'नॅस्टियर', 'रेटिनाज', हवा तो शब्द बोर्डावर बसेल तसा घ्या.

टाइल आल्या तशा मांडून ठेवू नका. आय-एन-जी असतील तर उजव्या टोकाला सरकवा, आर-ई डावीकडे, आणि मधल्या दोघांशी खेळा. काहीच दिसेना तर सगळ्या विस्कटा. डोळा एका क्रमाला चिकटला की हलत नाही. एस फक्त चार असतात, नुसत्या अनेकवचनासाठी उधळू नका. कोरी टाइल, जी कुठलंही अक्षर होते, ती तर ५० दिसेपर्यंत हातातच.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी गोंयकार म्हणून सांगतो : हातात 'फाइन' आला तर अक्षरं फिरवून बघा, एफ-ई-एन-आय, आपली फेनी! कॉलिन्स या स्क्रॅबलच्या शब्दकोशाच्या यादीत आहे. पणजी विशेषनाम, म्हणून बाद. जी-ओ-ए मात्र चालतो, पण आपल्या राज्याच्या पुण्याईने नव्हे, त्या नावाचं तिबेटी हरीण आहे म्हणून. भाची हरकत घेणारच. तेव्हा कुठला कोश धरायचा ते पहिली टाइल उचलायच्या आधी ठरवा. आमच्याकडे या वादात हुमण, म्हणजे माशांची आमटी, दोनदा गरम करावं लागलंय.