पान वाढावं तसा दिवस

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीसाठी तिला चारची वेळ दिली होती. सव्वातीनला चहा सांगायला म्हणून खाली उतरले, तर ती जिन्यातच बसलेली. मांडीवर कापडी पिशवी, कानांत कापसाचे बोळे. "बऱ्याच लवकर आलात," म्हटलं, तर म्हणाली, "मॅडम, चारला कुठे पोचायचं असलं की सकाळपासून माझ्या हातून दुसरं काहीच होत नाही. म्हणून आज रजाच टाकली."

खोलीत आल्यावर तिने पिशवीतून सात डायऱ्या काढून टेबलावर रचल्या. सात वर्षांच्या सात. प्रत्येकीत एक जानेवारीपासून दहा-अकरा तारखेपर्यंत मोत्यासारखं अक्षर, रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक, आणि त्यापुढे डिसेंबरपर्यंत कोरी पानं. "कुणी ऐन वेळी बेत बदलला तर मला रडू फुटतं. मला सगळं ठरलेलं लागतं. आणि मीच ठरवलेल्या गोष्टींचा मला दहा दिवसांत असा वीट येतो की डायरी नजरेसमोर नकोशी होते. यातली खरी मी कुठली? का मी नुसतं ढोंग करते?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय, जास्त करून तिशी-चाळिशीतल्या बायकांच्या. म्हणून तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकीकत सांगते.

वय ३८. विम्याचे दावे तपासायचं काम. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. आधी निदान झालं ते मुलाचं. त्याच्या तपासणीचा लांबलचक फॉर्म भरताना तिच्या लक्षात आलं की अर्धी उत्तरं आपण स्वतःचीच लिहितोय. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघांनी मिळून तिला तपासलं. ऑटिझम (सगळं ठरलेलं लागणं, आवाज-स्पर्श फार जाणवणं, माणसांचे न बोललेले संकेत पकडायला जड जाणं) आणि एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि हातातलं काम तडीस न्यायला जड जाणं), दोन्ही. (निदान करणं हे माझ्यासारख्या समुपदेशकाचं काम नाही. इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीचं तर नाहीच नाही.)

एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून होती का, हे निदान करताना बघावं लागतं. त्यासाठी माहेरून तिचं शाळेचं प्रगतिपुस्तक शोधून आणलं. चौथीच्या बाईंनी शेरा लिहिला होता: अक्षर सुंदर, वह्या अपूर्ण. घरच्यांची विशेषणं तिला तोंडपाठ होती. वेंधळी, धांदरट, विसरभोळी. आणि त्याच दमात एककल्ली, घुमी, शिष्ट. पहिली तीन एका मुलीची, पुढची तीन दुसऱ्या मुलीची असावीत असंच कुणालाही वाटेल. दोन्ही याद्या एकीच्याच वाट्याला आल्यामुळे तिच्याबद्दल कुणाचा अंदाज कधी बरोबर आला नाही, तिचा स्वतःचाही.

"मी २००९ मध्ये डॉक्टरांकडे गेले होते. तेव्हा नुसतं डिप्रेशन म्हणाले. हे का नाही दिसलं त्यांना?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता. पण तेव्हाचा नियमच आड येत होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत ऑटिझम असलेल्या माणसाला एडीएचडीचं निदान द्यायची मुभाच नव्हती. एक असलं की दुसरं बाद. ती अट २०१३च्या आवृत्तीत गेली. म्हणजे तिच्या वयाची माणसं शाळा-कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत 'दोन्ही' हा पर्याय कागदावर नव्हता.

आता माझी चूक. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर मी तिला अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक करून दिलं. टायमर, टिकमार्क, सगळं. एडीएचडी असलेल्या माझ्या बऱ्याच अशिलांना त्याचा उपयोग झाला होता. (अशील हा वकिली शब्द आहे, पण 'पेशंट' मला नको वाटतो.) तिने नऊ दिवस ते इमानेइतबारे पाळलं. दहाव्या दिवशी पाहुणे आले, दुपारचे तीन चौकोन कोरे राहिले, आणि ती दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. नवऱ्याचा फोन आला: "मॅडम, आधी बरं होतं हो." ती आठवी डायरी मी लिहून दिली होती.

झालं होतं असं की एका स्वभावाला, म्हणजे एडीएचडीच्या, नवेपणा लागतो, दुसऱ्याला, म्हणजे ऑटिझमच्या, तेचतेपण. एक म्हणतो, चल बाहेर, काहीतरी वेगळं करू. दुसरा म्हणतो, कालच्यासारखंच राहू दे. बाजाराची एक फेरी पहिल्याला हवी असते, आणि त्याच फेरीतून दुसरा थकून घरी येतो. दोघांपैकी एकाचाच सल्ला दिला की दुसरा तो उधळून लावतो. ही ओढाताण बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसते ती धरसोड. ढोंग नाही हे तिला पटायला वेळ लागला. मला तर आधीच पटायला हवं होतं.

मग मी सल्ले थांबवले आणि विचारायला लागले. आयुष्यात कधी सगळं बरं चाललं होतं? ती पटकन म्हणाली, "दहावीत." तेव्हा काय वेगळं होतं? बराच वेळ आठवून म्हणाली, "मी अभ्यासाला बसले की आई शेजारी भाजी निवडत बसायची. बोलायची नाही. नुसती बसायची." हॉस्टेलला गेल्यावर मार्क कोसळले आणि घरच्यांनी ठरवलं की पोरगी शहरात जाऊन बिघडली. कुणीतरी नुसतं शेजारी असणं हा लक्ष टिकवण्याचा आधार असतो, हे एडीएचडीच्या जगात आता सगळे जाणतात. तिच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती ते करत होती. आता शनिवारी सकाळी नवरा पेपर घेऊन टेबलाशी बसतो आणि ती बिलं, बँक, शाळेचे कागद उरकते. अट एकच: त्याने "झालं का?" म्हणून विचारायचं नाही. जी बिलं आपोआप भरली जाऊ शकतात, ती तशी लावून दिली. त्यात शिस्त शिकवत बसण्याचं काही कारण नव्हतं.

औषधाचा किस्सा सांगायलाच हवा. ऑटिझमवर औषध नसतं, एडीएचडीवर असतं. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट अगदी कमी मात्रेपासून सुरू केलं. महिन्याभराने ती आली ती गोंधळलेली. "डोकं शांत झालं. पहिल्यांदा एक काम सुरू करून संपवलं. पण त्या शांततेत मला मिक्सर ऐकू यायला लागला." मिक्सर आधीही होताच की. पण डोक्यातला गलका इतका होता की बाहेरचा त्यात मिसळून जायचा. पहिला स्वभाव निवला आणि दुसरा पुढे येऊन बसला. ट्यूबलाइटची घूं, कुकरची शिट्टी, सिंथेटिक ड्रेसची शिवण, सगळंच. असं सांगणारी ती एकटी नाही. गोळी बंद करायच्या आत डॉक्टरांशी बोला, एवढंच मी म्हटलं. त्यांनी मात्रा थोडी उतरवली, आणि कानांतला कापूस जाऊन नीट इअरप्लग आले.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला कधी पटला नाही. स्वतःत मग्न व्हायला या बाईला सवड कुठे होती? ती ट्यूबलाइटमध्ये अडकली होती. ऑफिसात कोण बोलताना कधी हसायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं, याचा हिशेब दिवसभर मनात चालवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन अंधार करून पडायचं. सासूबाई म्हणायच्या, "ऑफिसात सगळ्यांशी गोड, घरी आली की तोंडाला कुलूप." निरीक्षण अगदी अचूक होतं त्यांचं. चुकत होता तो अर्थ.

गौरी-गणपती जवळ आले तशी ती धास्तावली. गौरी जेवतात त्या दिवशी घरात तीस माणसं. दरवर्षी ती मधेच न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसायची. या वर्षी घरात बोलणी केली: बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसायचं तिच्याकडे नाही, पण सगळ्या पंक्ती तिने वाढायच्या. मीठ आधी. मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. मध्ये भात-वरण. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी हे शिकवलं होतं आणि घरात न चुकणारी ती एकटीच होती. पुढच्या भेटीला ती जवळजवळ पळतच वर आली. "मॅडम, चार तास मी तीस माणसांत होते आणि दमले नाही. कुठली गोष्ट कुठे, हे ठरलेलं. पण भाज्या वेगळ्या, माणसं वेगळी. मला दिवस असा हवाय. पानासारखा."

मी नुसती ऐकत राहिले. पुढचं सगळं तिनेच मांडलं. मीठ म्हणजे विश्रांती. उरलेल्या वेळात नाही, सगळ्यांच्या आधी वाढायची. म्हणून ऑफिसातून आल्यावर पंचवीस मिनिटं गच्ची, कुणाशी न बोलता. डावी बाजू म्हणजे थोडंथोडं पण रोजचं: गोळी, पाणी, किल्ल्या त्या एकाच वाटीत. भात एकच, दिवसाचं मुख्य काम. आणि उजवी बाजू रोज बदलणारी. डब्यात चिठ्ठ्या ठेवायच्या, सकाळी दोन उचलायच्या. न आवडणारी आली तर एकदा परत टाकायची मुभा.

तीन आठवडे हे छान चाललं. मग चिठ्ठ्यांचा कंटाळा आला.

ती ओशाळून सांगत होती आणि मला हसू आलं, कारण या वेळी मी त्याची वाटच बघत होते. भाजीचा कंटाळा आला म्हणून कुणी ताट फोडत नाही. चिठ्ठ्या गेल्या, फ्रीजवर चुंबक आले. मग मुलाने फासा आणला, सध्या फासा चालू आहे. मीठ आणि डावी बाजू मात्र तशीच राहिली. काही दिवस पानच मांडलं जात नाही. लग्नाहून आल्यावरचा दिवस, आवाजाचा दिवस. त्या दिवशी नुसता दहीभात, असं ती म्हणते, आणि म्हणजे काय ते आता घरात सगळ्यांना कळतं.

ऑफिसात निदान सांगावं का, यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र काढता येतं, त्यासाठीचा रस्ताही तिला समजावून दिला. तिने अजून ते काढलेलं नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही. काही जागी निदान सांगून माणसं सुखी झालेली पाहिलीत, काही जागी त्यांच्या मागे कुजबुज लागलेली. साहेबांना तिने दोनच वाक्यं सांगितली: "तोंडी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, मेलवर पाठवाल का? आणि मला भिंतीकडेची जागा मिळेल का?" दोन्ही मिळालं. दाव्यांमधल्या इतरांच्या नजरेतून सुटलेल्या चुका ती पकडते, हे साहेबांना आधीपासून ठाऊक होतंच.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. शेवटी एकदा दाराशी थांबून त्याने हळूच विचारला: "ही पूर्ण बरी कधी होईल?" मी म्हटलं, ती आजारीच नाही, दमली होती. त्याने मान हलवली. पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. शनिवारी पेपर घेऊन बसतो मात्र न चुकता.

सासूबाईंचं मत जागचं हललेलं नाही. "आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं काही." पण सकाळी चटणीचं भांडं मिक्सरला लावलं की त्या आधी आतून हाक देतात, "लावते गं!", आणि ती कान झाकेपर्यंत बटणावर बोट धरून उभ्या राहतात.